लिहिणारी सावित्रीमाई

पुण्याच्या बुधवार पेठेत, दगडूशेठ गणपतीसमोर भिडे वाडा होता. १८४८ साली तिथे मुलींची शाळा सुरू झाली, तेव्हा सावित्रीबाई फुले जेमतेम सतरा वर्षांच्या होत्या. जीर्ण झालेला तो वाडा डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी पाडण्यात आला.

शेण-दगडांचा प्रसंग आपण दर ३ जानेवारीला सांगतो. सांगायलाच हवा. पण त्यात माई फक्त सोसणारी दिसते, लिहिणारी माई मागे राहते.

नायगावच्या खंडोजी नेवसे पाटलांची ही मुलगी १८४० मध्ये लग्न होऊन पुण्यात आली. जोतीरावांनी तिला शिकवले. १८५४ मध्ये तिचा 'काव्यफुले' हा संग्रह छापून आला. जोतीरावांचे 'तृतीय रत्न' नाटक त्यानंतरचे, १८५५ चे. म्हणजे फुल्यांच्या घरातले पहिले पुस्तक माईंचे! हे आपल्या किती भाषणांत येते?

कवितांइतकीच त्यांची पत्रे महत्त्वाची आहेत. २९ ऑगस्ट १८६८ चे, नायगावहून जोतीरावांना लिहिलेले पत्र कार्यकर्त्यांनी मुळातून वाचावे. गणेश हा पंचांग सांगत फिरणारा ब्राह्मण तरुण. त्याचे सारजा या महार मुलीवर प्रेम बसले, ती गरोदर राहिली. गावकरी दोघांना मारत वाजतगाजत गावातून नेत होते, जीवच घेणार होते. माई धावत मध्ये पडल्या, इंग्रज सरकारच्या कायद्याची भीती घालून त्यांनी दोघांना सोडवले आणि पुण्याला जोतीरावांकडे पाठवले. आंतरजातीय जोडप्यांच्या रक्ताच्या बातम्या आजही आपण वाचतो. त्या दिवशी जमावासमोर एक बाई उभी राहिली होती, आणि घडले ते तिने स्वतःच्या हाताने लिहूनही ठेवले.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. अंत्ययात्रेत टिटवे माईंनी धरले. पुढे 'बावन्नकशी सुबोध रत्नाकर' या काव्यात त्यांनी जोतीरावांचे कार्य मांडले. १८९३ मध्ये सासवडच्या सत्यशोधक परिषदेच्या अध्यक्षस्थानीही त्याच होत्या.

१८९७ मध्ये पुण्यात प्लेग पसरला. दत्तक मुलगा डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ रुग्णांसाठी दवाखाना उघडला. मुंढव्याच्या महारवाड्यातील पांडुरंग गायकवाड या आजारी मुलाला माई स्वतः उचलून तिथे घेऊन आल्या. त्यातच त्यांना लागण झाली. १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.