हेन्रिएटा लॅक्स

हेन्रिएटा लॅक्स (जन्म : रोआनोक, व्हर्जिनिया, १ ऑगस्ट १९२०, मृत्यू : बाल्टिमोर, मेरीलँड, ४ ऑक्टोबर १९५१) या एक आफ्रिकन-अमेरिकन गृहिणी होत्या. त्यांच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगातील पेशींपासून 'हेला' ही प्रयोगशाळेत अखंड वाढत राहणारी पहिली मानवी पेशीमालिका निर्माण झाली.

जीवन

१९२४ मध्ये आईचे निधन झाल्यावर हेन्रिएटा क्लोव्हर या गावी आजोबांकडे वाढल्या. घर म्हणजे पूर्वी गुलामांसाठी बांधलेली लाकडी खोपटी. तंबाखूच्या शेतातील कामामुळे शिक्षण सहावीतच थांबले. चौदाव्या वर्षी त्यांना पहिले अपत्य झाले. १९४१ मध्ये डेव्हिड लॅक्स यांच्याशी विवाह झाला. पुढे पोलाद कारखान्यातील रोजगारासाठी हे कुटुंब बाल्टिमोरजवळ आले. त्यांना एकूण पाच अपत्ये झाली.

आजार आणि पेशी

जानेवारी १९५१ मध्ये रक्तस्राव होऊ लागल्याने त्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात गेल्या. कृष्णवर्णीय गरिबांवर उपचार करणाऱ्या मोजक्या रुग्णालयांपैकी ते एक होते, मात्र तेथेही त्यांचे कक्ष वेगळे असत. रेडियमचे उपचार करताना डॉक्टरांनी त्यांना न विचारता गाठीचा तुकडा काढला. तो जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत पोहोचला. इतर रुग्णांच्या पेशी काही दिवसांत मरत. या मात्र सुमारे २४ तासांत दुप्पट होत गेल्या. हेन्रिएटा वयाच्या ३१ व्या वर्षी वारल्या आणि क्लोव्हरमध्ये नावाच्या शिळेविना पुरल्या गेल्या. त्यांच्या पेशी मात्र पोलिओ लसीच्या चाचणीसाठी कारखान्यासारख्या वाढवल्या जाऊ लागल्या. या पेशी हेलन लेन नावाच्या स्त्रीच्या असल्याचे बराच काळ छापले जात असे. कुटुंबाला खरा प्रकार कळला तो १९७० च्या दशकात.

विषाणूचा शोध

१९८० च्या दशकात हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या गटाला हेला पेशींत मानवी पॅपिलोमा विषाणूच्या १८ व्या प्रकाराचा डीएनए आढळला. हा संसर्ग स्त्रियांमध्ये अतिशय सामान्य असून बहुतेकींत एक-दोन वर्षांत आपोआप नाहीसा होतो. थोड्या जणींत तो टिकून राहतो आणि कर्करोगाकडे नेतो. अनेक बाळंतपणे, अल्पवयातील मातृत्व, धूम्रपान आणि दुर्बल प्रतिकारशक्ती यांमुळे हा धोका वाढतो. यांतील पहिल्या दोन गोष्टी हेन्रिएटांच्या वाट्याला आल्या होत्या, तरी त्यांच्या आजाराचे नेमके कारण तेवढ्यावरून ठरवता येत नाही. १६ आणि १८ हे प्रकार मिळून जगातील सुमारे ७० टक्के गर्भाशयमुख कर्करोगांस कारणीभूत आहेत. त्सुर हाउझेन यांना २००८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

हेन्रिएटांच्या कबरीवर शिळा बसवली गेली ती २०१० मध्ये. २०१३ मध्ये हेला पेशींचा जनुकसंच कुटुंबाला न विचारता प्रसिद्ध झाला. त्यानंतर झालेल्या करारानुसार तो वापरण्यास परवानगी देणाऱ्या समितीत लॅक्स कुटुंबीयांना स्थान मिळाले.