ग्रंथालय, गिरणी आणि तुरुंग

‘गांधी विरुद्ध लेनिन’ हे इंग्रजी पुस्तक १९२१ साली मुंबईत प्रसिद्ध झाले, तेव्हा लेखक श्रीपाद अमृत डांगे अवघे एकवीस वर्षांचे होते. बायबलच्या सक्तीच्या शिक्षणाला विरोध करून विल्सन कॉलेजबाहेर पडलेल्या या तरुणाने तोवर मार्क्स फारच थोडा वाचला होता. त्यात त्यांचा दोष नव्हता. साम्यवादी ग्रंथ त्या काळी हिंदुस्थानात सहजासहजी मिळतच नसत आणि जे येत, त्यांवर सरकारची करडी नजर असे.

या पुस्तकाने डांगे यांना मात्र ग्रंथांचे दार उघडून दिले. पिठाच्या गिरणीचे मालक रणछोडदास भवान लोटवाला ते वाचून प्रभावित झाले. समाजवादी विचारांचे आकर्षण असलेल्या या धनिकाने परदेशातून पुस्तके आणवून ग्रंथालय उभे केले होते. मार्क्स, एंगल्स आणि लेनिन यांचा डांगे यांचा खरा अभ्यास तेथे सुरू झाला. ऑगस्ट १९२२ मध्ये त्यांनी ‘सोशॅलिस्ट’ हे इंग्रजी साप्ताहिक काढले.

वाचनाची किंमतही लवकरच मोजावी लागली. १९२४ साली कानपूर कटाच्या खटल्यात त्यांना चार वर्षांची शिक्षा झाली. १९२७ साली ते सुटून आले आणि पुढच्याच वर्षी मुंबईच्या कापड गिरण्यांत सहा महिने चाललेला प्रचंड संप झाला. वरकड मूल्याचा सिद्धांत ग्रंथात वाचणे निराळे आणि साच्यावर उभ्या असलेल्या कामगाराला त्याच्या पगाराच्या हिशेबातून तो पटवणे निराळे. डांगे यांनी ते काम रसाळ मराठीत केले. गिरणी कामगार युनियनचे ते सरचिटणीस होते.

मार्च १९२९ मध्ये मीरत कटाच्या खटल्यात त्यांना पुन्हा अटक झाली. या खटल्यात पुस्तके आणि पत्रके हाच सरकारचा मोठा पुरावा होता. आरोपींनी आपल्या जबान्यांतून साम्यवादाचे सविस्तर विवेचन केले आणि न्यायालयाचेच व्यासपीठ केले. सहआरोपी डॉ. गंगाधर अधिकारी यांनी कम्युनिस्ट जाहीरनामा मराठीत आणला. ज्या विचारांचा प्रसार रोखण्यासाठी खटला भरला, त्यांचीच चर्चा त्यामुळे देशभर झाली.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात येरवड्याच्या तुरुंगात डांगे यांनी प्राचीन भारतीय समाजाचा अभ्यास केला. तो १९४९ साली इंग्रजी ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. वेदकालीन यज्ञसंस्थेत त्यांनी आदिम साम्यवाद पाहिला. त्यावर सर्वांत कठोर टीका केली ती मार्क्सवादीच असलेल्या दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी. एंगल्सच्या चौकटीत भारतीय पुरावा कसाबसा बसवणे म्हणजे मार्क्सची पद्धत वापरणे नव्हे, असा त्यांच्या आक्षेपाचा आशय होता. अभिजात ग्रंथ हाती घेणाऱ्या प्रत्येकासाठी हा इशारा आजही मोलाचा आहे.

डांगे पुढे लोकसभेत गेले, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अग्रभागी राहिले. १९६४ साली पक्ष दुभंगला. १९८१ साली ज्या पक्षाच्या उभारणीत आयुष्य वेचले, त्यातूनच त्यांची हकालपट्टी झाली. २२ मे १९९१ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांच्या निष्कर्षांविषयी आणि राजकारणाविषयी मतभेद राहतीलच. परंतु अपुऱ्या वाचनावर न थांबता ते ग्रंथालयात शिकले, गिरणीत शिकले आणि तुरुंगातही शिकत राहिले.