पॉल हॅरिस : शहरातल्या एकटेपणाला कंटाळलेल्या वकिलाने रोटरी क्लब कसा सुरू केला?

एसटी स्टँडजवळची पाणपोई, सरकारी दवाखान्याबाहेरचा बाक, रक्तपेढीची पाटी किंवा स्मशानभूमीतली शेड. महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावात गेलात तरी यापैकी कशावर तरी निळ्या-सोनेरी रंगाचं दातेरी चाक दिसतं. ते चिन्ह रोटरी क्लबचं आहे, हे बहुतेकांना माहीत असतं. पण हा क्लब सुरू करणाऱ्या माणसाच्या डोक्यात तेव्हा समाजसेवा नव्हतीच. त्याला फक्त मित्र हवे होते.

त्या माणसाचं नाव पॉल हॅरिस.

आजी-आजोबांकडचं बालपण

पॉल यांचा जन्म 19 एप्रिल 1868 रोजी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातील रासीन इथे झाला. वडिलांचा धंदा बुडाला आणि घर चालवणं अवघड झालं. त्यामुळे तीन वर्षांच्या पॉल यांना मोठ्या भावासोबत व्हरमाँट राज्यातल्या वॉलिंगफर्ड गावी आजी-आजोबांकडे पाठवण्यात आलं. ते तिथेच वाढले. हे गाव लहान होतं. सगळे एकमेकांना नावाने ओळखत. कोणाच्या घरी अडचण आली, तर शेजारी धावून येत. गावाची ही आठवण पॉल यांच्या मनात कायम राहिली.

पॉल खोडकर होते. व्हरमाँट विद्यापीठातून त्यांना काढून टाकण्यात आलं. प्रिन्स्टनमधलं शिक्षण आजोबांच्या निधनामुळे सुटलं. अखेर 1891 मध्ये त्यांनी आयोवा विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतली.

पण लगेच वकिली सुरू करायची नाही, आधी पाच वर्षं जग बघायचं, असं त्यांनी ठरवलं. या काळात त्यांनी वर्तमानपत्रात बातमीदारी केली, फळबागेत मजुरी केली, शिकवलं, नाटकात काम केलं, गुराख्याचं काम केलं आणि हॉटेलात रात्रपाळीही केली. गुरं वाहून नेणाऱ्या जहाजावर काम करत ते इंग्लंडलाही जाऊन आले. संगमरवर विकण्यासाठी ते गावोगाव फिरले.

माणसांच्या गर्दीत एकटे

पाच वर्षं संपली आणि 1896 मध्ये पॉल शिकागोत वकिली करू लागले. 1900 साली या शहराची लोकसंख्या सुमारे 17 लाख होती. कामाचे दिवस कसेबसे जात. रविवार आणि सणाचे दिवस मात्र अंगावर येत. ओळखी खूप होत्या, पण सुट्टीच्या दिवशी ज्याच्या घरी हक्काने जावं असा मित्र नव्हता.

त्याच सुमारास एका वकील मित्राने त्यांना जेवायला बोलावलं. जेवणानंतर दोघं त्या भागात फेरफटका मारायला निघाले. वाटेत एकेका दुकानापाशी थांबून तो मित्र दुकानदाराशी पॉल यांची ओळख करून देत होता. पॉल यांना वॉलिंगफर्ड आठवलं. मोठ्या शहरातही असं गाव उभं करता येईल का, हा विचार तिथून सुरू झाला. तो प्रत्यक्षात यायला पुढची पाच वर्षं लागली.

खोली क्रमांक 711

23 फेब्रुवारी 1905 रोजी शिकागोतल्या युनिटी बिल्डिंगमध्ये 711 क्रमांकाच्या खोलीत चार जण जमले. ती कचेरी खाण अभियंता गस्टाव्हस लोअर यांची होती. पॉल यांच्यासोबत कोळशाचे व्यापारी सिल्व्हेस्टर शील आणि शिंपीकामाचा व्यवसाय करणारे हायरम शोरी होते. काही दिवसांत छापखानावाले हॅरी रगल्स आले आणि क्लब वाढू लागला.

बैठक दर वेळी वेगळ्या सभासदाच्या कचेरीत, म्हणजे आळीपाळीने होई. त्यावरून 'रोटरी' हे नाव पडलं. एका व्यवसायातला एकच सभासद घ्यायचा, म्हणजे आपसात स्पर्धा राहणार नाही, असा नियम होता. एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारायची, हीसुद्धा पद्धत होती. पहिले अध्यक्ष शील झाले, पॉल नव्हे.

सुरुवातीला क्लबचा उद्देश साधा होता : मैत्री आणि धंदा. कोणत्या सभासदाने कोणाला किती काम मिळवून दिलं, याची चक्क नोंद ठेवली जात असे.

एका नकाराने क्लब बदलला

1906 मध्ये डोनाल्ड कार्टर या पेटंट वकिलाला सभासद होण्याचं आमंत्रण मिळालं. नियम वाचून त्यांनी नकार दिला. फक्त आपल्याच सभासदांचं भलं करणारा क्लब फार काळ टिकणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. पॉल यांना हा आक्षेप पटला. शहराच्या हिताचं कलम क्लबच्या घटनेत आलं आणि मगच कार्टर सभासद झाले.

पॉल 1907 मध्ये अध्यक्ष झाले. क्लबने हाती घेतलेलं पहिलं मोठं सार्वजनिक काम होतं शौचालयाचं. शिकागोच्या मध्यवर्ती भागात येणाऱ्यांना त्यासाठी दारूच्या गुत्त्यात किंवा मोठ्या दुकानात शिरावं लागे. त्यामुळे गुत्तेवाल्यांना आणि दुकानदारांना गिऱ्हाईक मिळे, म्हणून दोघांनीही विरोध केला. पण क्लबने इतर संस्थांना सोबत घेऊन पाठपुरावा केला आणि सार्वजनिक शौचालय उभं राहिलं.

क्लब दुसऱ्या शहरांत न्यायचा पॉल यांचा हट्ट शिकागोतल्या अनेक सभासदांना पटत नव्हता. नाराजी वाढली तेव्हा 1908 मध्ये त्यांनी अध्यक्षपद सोडलं, हट्ट मात्र सोडला नाही. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोत दुसरा क्लब सुरू झाला. 1910 मध्ये 16 क्लबची राष्ट्रीय संघटना झाली आणि पॉल तिचे पहिले अध्यक्ष झाले. याच वर्षी त्यांनी स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या जीन थॉमसन यांच्याशी लग्न केलं.

भारतात आणि त्यानंतर

पहिल्या महायुद्धानंतर रोटरी कलकत्त्यात आली, तर मुंबईचा क्लब 1929 मध्ये सुरू झाला. 1962 मध्ये नीतीश लाहरी हे जागतिक संघटनेचे पहिले भारतीय अध्यक्ष झाले.

पॉल यांच्या गावात एक मोठी उणीव होती. त्यात स्त्रियांना जागा नव्हती. त्यांच्या हयातीत हे बदललं नाही. कॅलिफोर्नियातल्या दुआर्ते क्लबने 1970 च्या दशकात महिलांना सभासद केलं, तर त्याचीच मान्यता काढून घेण्यात आली. 1987 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिल्यानंतर दार उघडलं.

27 जानेवारी 1947 रोजी शिकागोत पॉल यांचं निधन झालं. आपल्यामागे फुलं नकोत, रोटरी फाउंडेशनला देणगी द्या, अशी त्यांची इच्छा होती. जगभरातून पैसे आले आणि त्यातून परदेशी शिक्षणाच्या शिष्यवृत्त्या सुरू झाल्या. पुढे 1985 मध्ये रोटरीने पोलिओ निर्मूलनाची जागतिक मोहीम हाती घेतली. 2014 मध्ये भारत पोलिओमुक्त असल्याचं प्रमाणपत्र मिळालं, त्यात सरकारी यंत्रणेसोबत बूथवर बसलेल्या या स्वयंसेवकांचाही वाटा होता.

रोटरीत आजही सभासद आमंत्रणावरूनच घेतले जातात. नव्या माणसाला कोणीतरी सोबत घेऊन येतं आणि बाकीच्यांशी त्याची ओळख करून देतं. त्या संध्याकाळी शिकागोतल्या दुकानांपुढे पॉल यांच्या मित्राने हेच केलं होतं.

पॉल यांची कबर शिकागोच्या माउंट होप दफनभूमीत आहे. जवळच सिल्व्हेस्टर शील यांची कबर आहे. मित्र शोधायला निघालेल्या माणसाला शेवटी शेजारही मित्राचाच मिळाला.