देवासचे कुमारजी आणि क्षयरोग

धार-देवासच्या मराठी घरांतून पं. कुमार गंधर्वांचे नाव सर्वांना परिचित आहे. मात्र ते देवासला गाण्यासाठी आले नव्हते, आजारी म्हणून आले होते. हे लहान वर्गांना आम्हाला आवर्जून सांगावे लागते.

शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी यांचा जन्म ८ एप्रिल १९२४ रोजी बेळगावजवळील सुळेभावी येथे झाला. बालपणीच ते मैफली गाजवू लागले व ‘कुमार गंधर्व’ म्हणून प्रसिद्ध झाले. मुंबईस प्रो. बी. आर. देवधरांकडे त्यांचे शिक्षण झाले. १९४७ साली भानुमतीताईंशी विवाह झाला आणि त्याच सुमारास क्षयाने गाठले. कोरड्या हवेसाठी १९४८ मध्ये त्यांना देवासला आणले. गाण्यास सक्त मनाई होती. भानुताईंनी शाळेत नोकरी करून घर चालवले, शुश्रूषाही केली. अंथरुणावर पडल्यापडल्या कुमारजी माळव्यातील बायकांची लोकगीते ऐकत राहिले.

क्षय हा जिवाणूंमुळे होतो. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली हा जंतू शोधला. रोग्याच्या खोकल्यातून तो हवेत पसरतो. मोठ्या माणसांत तो बहुधा फुप्फुसे धरतो. पाच वर्षांखालील मुलांत मात्र तो मेंदूच्या आवरणापर्यंत पोचू शकतो, आणि मूल वाचले तरी कधीकधी अपंगत्व राहते. या भयंकर प्रकारापासून बाळांचे रक्षण बी.सी.जी. लस करते. योगायोग असा, की भारतात ती देण्यास १९४८ सालीच सुरुवात झाली. आज ती जन्मताच, सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. आपल्यापैकी बहुतेकांच्या डाव्या दंडावर तिचा व्रण असेल. मोठ्यांच्या फुप्फुसाच्या क्षयावर तिचा भरवसा नाही. म्हणून दोन आठवड्यांहून जास्त खोकला असल्यास थुंकीची तपासणी करावी, व औषध महिनोन्‌महिने, पूर्ण घ्यावे.

माळव्याच्या हवेने कुमारजी बरे झाले असे आपल्याकडे अभिमानाने म्हणतात. आम्हालाही ते ऐकायला आवडते! परंतु खरे काम स्ट्रेप्टोमायसिन या तेव्हाच्या नव्या औषधाने व भानुताईंच्या सेवेने केले. १९५३ साली ते पुन्हा मैफलीत बसले. एक फुप्फुस निकामी झाले होते. त्यांच्या लहान, झेपावणाऱ्या ताना जाणकारांना ठाऊक आहेतच. ऐकलेल्या लोकधुनांतून त्यांनी नवे राग बांधले. भानुताई १९६१ मध्ये बाळंतपणात वारल्या. कुमारजी त्यानंतरही देवासलाच राहिले आणि १२ जानेवारी १९९२ पर्यंत, त्या एका फुप्फुसावर, गात राहिले.