दुसरा फिलिप आणि व्यापारी ताफा

१५८० नंतर पोर्तुगालबरोबर गोव्याची सत्ताही ज्याच्या हाती गेली, तो स्पेनचा राजा दुसरा फिलिप १५२७ त जन्मला. १५५६ त तो गादीवर आला, तेव्हा अमेरिकेहून रुपे आणणारी गलबते चाचे लुटीत. १५६१ त त्याने आज्ञा काढिली की, व्यापाऱ्यांनी एकटे न जाता लढाऊ जहाजांच्या पहाऱ्यात ताफ्यानेच जावे. पहाऱ्याचा खर्च मालावरील पट्टीतून निघे. व्यापारी कुरकुरत, परंतु त्याच्या हयातीत रुप्याचा अखंड ताफा शत्रूच्या हाती पडला नाही. तरीही युद्धखर्चापायी त्याचे दिवाळे वारंवार निघाले. १५९८ त तो निवर्तला. वर्गणी देताना कुरकुरणाऱ्या ज्ञातिबांधवांनी तो ताफा स्मरावा. आणि ती खर्चणाऱ्या आम्ही चालकांनी ते दिवाळे विसरू नये, असे आम्हांस वाटते.