वार्धक्यातील योग आणि आचार्य कृष्णमाचार्य

श्रीमद्भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात ध्यानयोग्याच्या आसनाचे जे वर्णन आले आहे, त्यात देहाला पीळ घालण्याचा किंवा मस्तकावर उभे राहण्याचा उल्लेख नाही. आसन फार उंच नसावे, फार सखलही नसावे. त्यावर धड, मान व मस्तक सरळ ठेवून स्थिर बसावे. आहार, विहार, निद्रा आणि जागरण ही सर्व प्रमाणात असावीत, एवढेच तेथे सांगितले आहे. ऐंशी वर्षांच्या वृद्धासही जमावे असे हे वर्णन आहे. असे असता साठी उलटलेल्या आपल्या बांधवांची योगाविषयी दोन टोकांची वृत्ती दिसते. काही जण आता आपले वय राहिले नाही असे म्हणून योगाचे नावच टाकतात. तर काही जण पुस्तकातील तरुणाचे चित्र पुढे ठेवून सेवानिवृत्तीच्या दुसऱ्याच महिन्यात शीर्षासनास प्रारंभ करतात आणि मानेचे दुखणे विकत घेतात. या दोहोंच्या मधला मार्ग ज्यांनी आधी शिष्यांच्या आणि शेवटी स्वतःच्या देहावर पारखून घेतला, त्या तिरुमल कृष्णमाचार्यांचे चरित्र म्हणूनच मनन करण्याजोगे आहे.

कृष्णमाचार्यांचा जन्म १८ नोव्हेंबर १८८८ रोजी तत्कालीन म्हैसूर संस्थानात, चित्रदुर्गानजीकच्या मुचुकुंदपुर या खेड्यात एका श्रीवैष्णव कुटुंबात झाला. पिता श्रीनिवास ताताचार्य हे वेदविद्येचे अध्यापक होते. वेदपठणाचे आणि आसनांचे पहिले धडे मुलाला त्यांच्यापासूनच मिळाले. परंतु मुलगा दहा वर्षांचा होतो न होतो तोच पित्याचे छत्र हरपले आणि कुटुंब म्हैसूरला आले. पुढे म्हैसूर व काशी येथे त्यांनी व्याकरण, न्याय, वेदान्त आदी शास्त्रांचे दीर्घ अध्ययन केले. त्यांच्या स्वतःच्या सांगण्याप्रमाणे त्यानंतर ते हिमालयापलीकडे मानससरोवराच्या परिसरात राममोहन ब्रह्मचारी नामक योग्यापाशी सुमारे साडेसात वर्षे राहिले. या प्रवासाच्या तपशिलाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. आपणास त्यात शिरण्याचे कारण नाही. गुरूंनी दक्षिणा म्हणून जे मागितले, ते मात्र लक्षात ठेवण्यासारखे आहे. गृहस्थाश्रम स्वीकारावा आणि लोकांना योग शिकवावा, एवढेच त्यांनी मागितले होते. मठाधिपती होण्याची योग्यता अंगी असलेल्या या पंडिताने ते मान्य केले आणि त्यापायी दारिद्र्य पत्करले. १९२५ मध्ये नामगिरिअम्मा यांच्याशी विवाह झाल्यावर काही काळ त्यांना हासन भागातील कॉफीच्या मळ्यावर मुकादमी करून संसार चालवावा लागला.

त्या काळी योगाची लोकांना फारशी आस्था नव्हती. जनांचे लक्ष वेधण्यासाठी कृष्णमाचार्य गावोगाव प्रयोग करून दाखवीत. ते नाडी मंद करीत, दातांनी जड वस्तू उचलीत, हातांनी मोटार रोखून धरीत. १९३५ मध्ये फ्रान्समधील हृद्रोगतज्ज्ञ तेरेझ ब्रॉस यांनी भारतात येऊन त्यांच्या हृदयाची यंत्राने तपासणीही केली. योगी हृदय थांबवितो, अशी वार्ता त्यानंतर पसरली. पुढील काळातील शास्त्रज्ञांनी अशा प्रयोगांची फोड केली आहे. श्वास कोंडून छातीचे व पोटाचे स्नायू आवळले असता हृदयाकडे परतणारे रक्त घटते आणि नाडी हाताला लागेनाशी होते. हृदय थांबत मात्र नाही. उतारवयात, विशेषतः रक्तदाबाचा विकार असलेल्याने, असल्या प्रकारांच्या वाटेस जाऊ नये, हे येथेच सांगून ठेवणे बरे.

म्हैसूरचे महाराज कृष्णराज वडियार यांचा आश्रय लाभल्यावर त्यांचे दिवस पालटले. १९३३ मध्ये जगन्मोहन राजवाड्याच्या एका भागात योगशाळा सुरू झाली. १९३४ मध्ये त्यांचा योगमकरंद हा कन्नड ग्रंथ निघाला. योगशाळेतील विद्यार्थी बहुतांशी कोवळे मुलगे होते. त्यांच्याकडून एका आसनातून दुसऱ्या आसनात झेपावत जाणारा जोरकस अभ्यास करवून घेतला जाई. आचार्य अत्यंत कडक होते, हे त्यांच्या शिष्यांनीच सांगून ठेवले आहे. पट्टाभि जोईस येथेच शिकले. नामगिरिअम्मांचे बंधू बी. के. एस. अय्यंगार यांनाही येथेच दीक्षा मिळाली व १९३७ मध्ये ते पुण्यास शिकविण्यासाठी पाठविले गेले. मूळच्या रशियन साम्राज्यातून आलेल्या, पुढे इंद्रादेवी म्हणून प्रसिद्ध झालेल्या बाईंना शिकविण्यास आचार्य प्रथम तयार नव्हते. महाराजांच्या आग्रहाने त्यांनी त्यांना शिष्या केले. आज जगभर योगाच्या नावाने जे चपळ, घाम गाळणारे व्यायामप्रकार चालतात, त्यांतील पुष्कळांचे मूळ या राजवाड्यातील शाळेत सापडते. ज्येष्ठांनी ही गोष्ट ध्यानी घ्यावी, कारण तो अभ्यास मुळात वाढत्या वयाच्या मुलांसाठी बसविलेला होता.

१९४० मध्ये महाराज निवर्तले. स्वातंत्र्यानंतर संस्थानी आश्रय संपला आणि १९५० मध्ये योगशाळा बंद पडली. आचार्यांची साठी उलटून गेली होती. हातात आश्रय नाही, पदरी मोठा संसार. अशा वेळी मद्रासच्या एका नामांकित विधिज्ञांना पक्षाघाताचा झटका आला आणि त्यांच्या उपचारासाठी आचार्यांना बोलावणे आले. १९५२ पासून ते मद्रासवासी झाले. आमच्या मते त्यांचे खरे आचार्यत्व येथून सुरू होते, जरी चरित्रकारांचा ओढा म्हैसूरच्या वैभवाकडेच अधिक असतो.

आता त्यांच्यापुढे राजवाड्यातील मुलगे नव्हते. आता येत ते पक्षाघाताने एक बाजू लुळी पडलेले गृहस्थ, दम्याने रात्रभर बसून काढणारे वृद्ध, मधुमेही, निद्रानाशाने गांजलेल्या स्त्रिया. म्हैसूरचा अभ्यास यांना देणे म्हणजे त्यांना इजा करणेच होते. आचार्यांनी समूहाने शिकविणे सोडले. ते एका वेळी एकालाच घेत. प्रथम नाडी पाहत. झोप, आहार, शौच, व्यवसाय यांची चौकशी करीत. श्वास कसा चालतो हे निरखीत. आणि मग त्या एका माणसापुरता अभ्यास बसवून देत. शेजाऱ्याला दिलेला अभ्यास आपण उचलणे त्यांना मुळीच खपत नसे. जी कठोरता पूर्वी देहाच्या बाबतीत होती, ती आता या नियमाच्या बाबतीत आली, असे म्हटले तरी चालेल.

त्या अभ्यासाचे मर्म श्वासात होते. हात वर न्यावयाचे ते श्वास घेताना, पुढे वाकावयाचे ते श्वास सोडताना. हालचाल श्वासाच्या आत सामावली पाहिजे. श्वास आधी सुरू व्हावा व हालचालीनंतर संपावा. ज्या क्षणी श्वास अडखळेल वा आवाज करून धापेल, त्या क्षणी मर्यादा आली असे समजून थांबावे. वृद्धाला आपली मर्यादा कळण्यासाठी याहून सोपे माप नाही. नाडी मोजता येत नसेल, यंत्र जवळ नसेल, तरी स्वतःचा श्वास सर्वांजवळ असतोच. आसनात ताटकळत राहण्याऐवजी तेच आसन चार-सहा वेळा सावकाश करावे. पुढे वाकताना गुडघे ताठ न धरता किंचित मोडावे, म्हणजे कंबरेवर ताण येत नाही. प्रत्येक जोरकस आसनानंतर त्याच्या उलट दिशेचे सौम्य आसन करावे आणि मध्ये पाठीवर निजून विसावा घ्यावा. जमिनीवर बसवत नसेल, तर खुर्चीवर बसून हाच अभ्यास करावा. हृद्रोग्यास कुंभक न देता केवळ दीर्घ उच्छ्वास द्यावा.

वयानुरूप अभ्यासाची त्यांची विभागणी शास्त्राला धरून होती. वाढत्या वयासाठी सृष्टिक्रम, संसारी माणसासाठी स्थितिक्रम आणि उतरणीसाठी अंत्यक्रम. पहिल्यात आसने मुख्य, दुसऱ्यात आरोग्य टिकविणारी मोजकी आसने व प्राणायाम, आणि तिसऱ्यात आसने केवळ सुखाने बसता यावे एवढ्यापुरती. भर प्राणायाम, जप, पठण आणि ईश्वरचिंतन यांवर. वृद्धाला कमी दिले जाते असा याचा अर्थ नव्हे. त्याला अधिक मोलाचे दिले जाते, फक्त त्यात चित्र काढून घेण्यासारखे काही नसते!

आधुनिक वैद्यकाने या सावधगिरीला पुष्टीच दिली आहे. साठीनंतर, विशेषतः स्त्रियांत, हाडे विरळ होतात. अशा पाठीला गोल करून जोराने पुढे वाकविल्यास मणके दबून मोडण्याचा संभव असतो. डोके खाली व पाय वर अशा स्थितीत डोळ्यांतील दाब वाढतो, म्हणून काचबिंदूच्या रोग्याने शीर्षासन, सर्वांगासन वर्ज्य करावे. एका पायावर उभे राहावयाचे ते भिंतीचा आधार घेऊनच, कारण या वयात पडणे हेच मोठे संकट होय. नवा अभ्यास सुरू करण्यापूर्वी आपल्या वैद्याला विचारून घ्यावे आणि औषधे योगाच्या भरवशावर परस्पर बंद करू नयेत. दुसरीकडे, बेताने व नित्य केलेल्या अभ्यासाने तोल सुधारतो, सांध्यांचा ताठरपणा कमी होतो, हेही अनुभवास आले आहे.

आचार्यांच्या पुत्रांपैकी देशिकाचार हे शिक्षणाने अभियंता; पित्याच्या विद्येकडे त्यांचे प्रथम लक्ष नव्हते. एके दिवशी एका परदेशी स्त्रीने मोटारीतून उतरून, भर दारात, त्यांच्या सोवळ्या पित्याला आनंदाने मिठी मारलेली त्यांनी पाहिली. कित्येक वर्षांनी आदल्या रात्री तिला औषधावाचून झोप लागली होती. त्या प्रसंगानंतर पुत्र पित्याचा शिष्य झाला. जे. कृष्णमूर्तींनी सत्तरीच्या सुमारास याच देशिकाचारांपासून योगाचे धडे घेतले. १९७६ मध्ये देशिकाचारांनी मद्रासला पित्याच्या नावाने योगमंदिर स्थापिले. इकडे पुण्यात अय्यंगारांनी वेगळ्या वाटेने तोच प्रश्न सोडविला. पट्टे, लाकडी विटा, दोर व खुर्च्या यांचा आधार देऊन त्यांनी रोग्यांना आणि वृद्धांना आसनात सुखाने ठेवण्याची युक्ती बसविली. २०१४ मध्ये, वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी, ते पुण्यातच निवर्तले. गुरुशिष्यांच्या पद्धतीत पुष्कळ अंतर असले, तरी देहाला त्याच्या आजच्या स्थितीत स्वीकारावे, हे दोघांनाही मान्य होते.

आता शेवटचा प्रसंग. १९८४ मध्ये, शहाण्णवाव्या वर्षी, कृष्णमाचार्यांचे कमरेचे हाड मोडले. त्यांनी शस्त्रक्रिया नाकारली. हा त्यांचा निर्णय इतरांनी गिरवावा असे आम्ही म्हणणार नाही. आज अशा अस्थिभंगावर त्वरित शस्त्रक्रिया करून रोग्याला लवकर उठविणेच हितावह मानले जाते. परंतु त्यानंतर त्यांनी जे केले, ते त्यांच्या सर्व शिकवणुकीचे प्रात्यक्षिक होते. ज्या देहाने एके काळी मोटार रोखली होती, तो आता अंथरुणास खिळला होता. त्या देहाकडून जुने काही मागण्याऐवजी, अंथरुणावर पडल्या पडल्या करता येईल असा नवा अभ्यास त्यांनी स्वतःसाठी बसविला. राजवाड्यातील मुलांना, पक्षाघाताच्या रोग्यांना जसा बसवून दिला, तसाच हाही एक. शिष्य मात्र या वेळी ते स्वतःच होते. तो अभ्यास ते करीत राहिले. २८ फेब्रुवारी १९८९ रोजी, वयाची शंभर वर्षे पूर्ण करून, मद्रास येथे त्यांनी देह ठेवला.