डिझेल नावाचा माणूस

आमच्या चौदा वर्षे जुन्या गाडीचा टर्बो गेला, त्या दिवशीची गोष्ट. मिस्त्री गाडीखाली उताणे झोपलेले, मी स्टुलावर बसून कटिंग चहा घेतो आहे आणि वेळ जावा म्हणून डिझेल नावाच्या माणसाविषयी काहीबाही बोलतो आहे. आयटीआय करून नुकताच कामाला लागलेला मुलगा पाना पुसता पुसता थांबला. डिझेल हे कुणा माणसाचे नाव असेल यावर त्याचा विश्वासच बसेना. पेट्रोल, रॉकेल तसेच डिझेल, एका तेलाचे नाव, एवढेच त्याला ठाऊक. त्याला काय हसायचे? आमच्या गावच्या विहिरीवर जे धडधडत असे त्याला आम्हीही नुसते ‘इंजान’च म्हणत होतो.

रुडॉल्फ डिझेलचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिसमध्ये झाला. आईवडील मात्र जर्मन, बव्हेरियातले. वडील चामड्याच्या वस्तू करून विकत. १८७० साली फ्रान्स आणि प्रशियाचे युद्ध पेटले आणि पॅरिसमधल्या जर्मनांवर शहर सोडायची पाळी आली. कुटुंब लंडनला गेले. तिथे खाण्याची भ्रांत, म्हणून बारा वर्षांच्या रुडॉल्फला एकट्याला जर्मनीत ऑग्सबुर्गला धाडले. तिथे नात्यातल्या एका गणित शिक्षकाच्या घरी तो राहिला. परक्या घरात वाढलेली मुले एक तर बुजरी होतात, नाहीतर जिद्दी. हा दोन्ही झाला असावा, असे त्याचे चरित्र वाचताना मला सारखे वाटत राहते.

पुढे म्युनिकच्या पॉलिटेक्निकमध्ये त्याला कार्ल फॉन लिंडे हे प्राध्यापक भेटले. थंडावा निर्माण करणाऱ्या यंत्रांतले ते मोठे नाव. वाफेचे इंजिन कोळशातल्या उष्णतेपैकी जेमतेम दहा टक्के कामाला लावते, उरलेली धुराड्यातून वाया जाते, हे त्यांच्या वर्गात ऐकले आणि ते रुडॉल्फच्या डोक्यात रुतून बसले. ऐन परीक्षेत विषमज्वराने गाठल्यामुळे पदवी जानेवारी १८८० पर्यंत लांबली. मग लिंडे यांच्याच बर्फाच्या यंत्रांची नोकरी, १८८३ मध्ये मार्थाशी लग्न, तीन मुले. चारचौघांसारखा संसार.

पण डोक्यातला किडा वळवळतच होता. सायकलमध्ये हवा भरताना पंप हाताला गरम लागतो, हे आपण सगळ्यांनीच अनुभवले आहे. हवा दाबली की तापते. डिझेलने म्हटले, ती इतकी दाबू की तिच्यात तेलाचा फवारा सोडताच तेल आपोआप पेटेल. ठिणगी नको, प्लग नको. २३ फेब्रुवारी १८९३ रोजी त्याला पेटंट मिळाले. ऑग्सबुर्गच्या यंत्र कारखान्याने जागा आणि माणसे दिली, क्रुप कंपनीने पैसा दिला. १० ऑगस्ट १८९३ च्या पहिल्या चाचणीत दाब मोजण्याचे उपकरणच स्फोटात फुटले. डिझेल थोडक्यात वाचला. पण त्या स्फोटाने एक गोष्ट सिद्ध झाली होती: तेल पेटत होते. १७ फेब्रुवारी १८९४ रोजी इंजिन स्वतःच्या बळावर फिरले. किती वेळ? एक मिनिट, ८८ फेऱ्यांच्या वेगाने. त्या एका मिनिटानंतर आणखी तीन वर्षे घासावी लागली. १८९७ च्या फेब्रुवारीत प्राध्यापक श्र्योटर यांनी त्याची अधिकृत चाचणी घेतली, तेव्हा उष्णतेपैकी २६.२ टक्के कामाला लागत असल्याचे दिसले. वाफेचे इंजिन एका दिवसात म्हातारे झाले.

१९०० च्या पॅरिस प्रदर्शनात एक डिझेल इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवले गेले. आपल्याकडे हे ऐकून सुगरणी हळहळतील, पण कल्पना फ्रेंच सरकारची होती. आफ्रिकेतल्या वसाहतींत भुईमूग मुबलक, तिथेच इंजिनाचे इंधनही पिकावे असा हिशेब.

पैसा आला, तोही धो धो. अमेरिकेतले हक्क अडॉल्फस बुश या बिअरसम्राटाने दहा लाख मार्कांना घेतले. म्युनिकमध्ये बंगला उभा राहिला. आणि इथेच गाडी घसरली. घाईने विकलेली पहिली इंजिने बंद पडू लागली, गिऱ्हाइके तक्रारी घेऊन दारात. दुसरीकडे मूळ कल्पना त्याची नव्हेच, अशी विद्वानांची टीका. जमिनी आणि तेलाच्या धंद्यात घातलेला पैसा बुडाला. डोकेदुखी आणि निद्रानाशाने तो पोखरला गेला. यंत्रातली उष्णता वाया जाऊ नये म्हणून जन्मभर झटलेल्या माणसाला स्वतःचा पैसा मात्र राखता आला नाही.

त्याचे इंजिन त्याच्या हयातीत जहाजे आणि कारखान्यांपुरतेच राहिले. तेल फवारण्यासाठी हवेचा भलामोठा कॉम्प्रेसर लागे. तो गाडीत मावणार कसा? १९२७ मध्ये बॉशने पुरेसा लहान पंप बाजारात आणला आणि १९३६ मध्ये मर्सिडीजची २६० डी ही डिझेल मोटार आली. सिलिंडरमधून बाहेर पडणाऱ्या धुराने चक्र फिरवून आत जादा हवा कोंबायची, हे टर्बोचे पेटंट स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखीने १९०५ सालीच मागितले होते. मोटारीत ते डिझेलच्या जोडीला आले १९७८ मध्ये.

तर आमचा टर्बो. मिस्त्री त्या मुलाला समजावत होते आणि मी अपराध्यासारखा ऐकत होतो. हे छोटे चक्र मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेते आणि त्याचा दांडा इंजिन ऑइलच्या पातळशा थरावर तरंगतो. घाट चढून आल्याबरोबर किल्ली फिरवली की ऑइल थांबते, लालबुंद टर्बोत उरलेले तिथेच जळून कोळसा होते. एक-दोन मिनिटे इंजिन नुसते चालू ठेवले असते तर? मी कधीच ठेवले नव्हते. शिवाय ऑइल बदलायला दोन हजार किलोमीटर उशीर, डिझेल फिल्टर तर विसरूनच गेलेलो. नव्या इंजिनांत तेल हजार-दीड हजार वातावरणांच्या दाबाने केसाएवढ्या छिद्रांतून फवारले जाते. पाण्याचा थेंबही इंजेक्टरला पुरतो. विहिरीवरच्या त्या इंजानाला एवढे लाड लागत नसत. बिल पाहून मी काही बोललो नाही.

मुलाने मग विचारले, त्या माणसाचे पुढे काय झाले?

२९ सप्टेंबर १९१३ च्या संध्याकाळी डिझेल अँटवर्पहून इंग्लंडला जाणाऱ्या ड्रेस्डेन बोटीवर चढला. बरोबर दोन सहकारी होते. जेवण झाले, गप्पा झाल्या, रात्री दहाच्या सुमारास तो आपल्या केबिनकडे गेला. सकाळी सव्वासहाला उठवायला सांगून ठेवले होते. सकाळी केबिन रिकामी. बिछान्याला अंगही लागलेले नव्हते. मागच्या डेकवर कठड्यापाशी त्याची टोपी आणि नीट घडी केलेला कोट सापडला. घातपात, हेरगिरी, तेलसम्राटांचा कट, असे पुष्कळ लिहिले गेले. पुरावा एकाचाही नाही. कर्जाचा डोंगर मात्र खरा होता. निघण्यापूर्वी त्याने मार्थाला एक बॅग दिली होती, आठवडाभर उघडू नकोस असे सांगून. तिच्यात वीस हजार मार्क निघाले.

दहाएक दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात एक मृतदेह दिसला. लाटा उसळलेल्या होत्या. खलाशांनी खिशातल्या वस्तू काढून घेतल्या आणि देह पुन्हा पाण्यात सोडला. गोळ्यांची डबी, चष्म्याचे घर, एक छोटा चाकू. त्या वस्तू ओळखायला धाकटा मुलगा ऑयगेन हॉलंडला गेला, आणि त्याने त्या ओळखल्या.